हिरव्या बांबूची नळी

आम्ही ढिवर. पाण्यावर पोट. तलाव भरला तर घरात भात आणि झिंग्यांचं कालवण, तलाव आटला तर कण्यांची आंबील, एवढं साधं गणित होतं. चांद्याच्या परकोटाबाहेर, तलावाच्या काठाला आमचा मोहल्ला होता. आता सगळे चंद्रपूर म्हणतात, माझ्या तोंडी मात्र अजून चांदाच येतं. बा पहाटे डोंगा घेऊन निघायचा, माय टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला जायची, आणि शिंगाड्याच्या दिवसांत घरात बसायला जागा उरायची नाही, इतके शिंगाडे. ते उकडून, सोलून विकायचे. सोलून सोलून मायची बोटं काळी पडायची आणि नखांच्या मुळाशी काट्यांनी भोकं पडायची. मातीचं तेल रेशनचं होतं, ते मोजून मापून वापरायचं. एक चिमणी चुलीजवळ, एक माझ्याजवळ. माझ्याजवळची विझवायला कोणी सांगायचं नाही, पण चुलीजवळची लवकर विझायची. अंधारात माय भांडी चाचपून ठेवायची आणि तेवढ्या आवाजावरून मला कळायचं, की तेल माझ्यासाठी राखलं जातंय.

घर आमचं स्वतःचं होतं आणि त्याचा मायला फार अभिमान होता. दोन उन्हाळे लागले होते ते उभं करायला. तलावाच्या गाळाची माती, त्यात धानाचं तणस, पायांनी तुडवायचं, रात्रभर मुरू द्यायचं, आणि सकाळी हातानं थर रचायचे. एक थर वाळला की दुसरा. बा तो तुडवलेला गारा आणून द्यायचा, रचायची माय. भिंत हातभर जाड झाली. वरून पांढऱ्या मातीचा पोतारा. तो दरवर्षी दोनदा, दिवाळीला आणि शिमग्याला, आणि मध्ये कुठे ढलपी उडाली की लगेच. मोहल्ल्यातल्या बाया मायला म्हणायच्या, की बाई, तुमच्या भिंतीवर तोंड दिसते. माय हसायची नाही, पण संध्याकाळी एकदा भिंतीवरून हात फिरवून यायची.

मी मॅट्रिकला पहिल्या खेपेला नापास झालो होतो. आमच्या घरात शाळेचा उंबरा ओलांडलेला मी पहिला, त्यामुळे नापास म्हणजे काय हे समजावून सांगावंही मलाच लागलं. बा ऐकून घेऊन म्हणाला, एक डाव आणखी बस. त्यात झालं तर झालं, नाही तर डोंग्यात ये. धमकी नव्हती ती. त्याला खरंच एका माणसाची गरज होती, त्याचे खांदे दुखायला लागले होते. मी सगळ्यांना सांगितलं, की चिमणीच्या उजेडात अक्षर दिसत नाही, म्हणून नापास झालो. आज वयाच्या या टोकाला कबूल करतो, की गणितात मी कच्चाच होतो. पण चिमणीचं निमित्त घरात सगळ्यांना पटलं, आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतून विजेचे खांब गेले. आमच्यासाठी नव्हेत. पुढे एका ठेकेदाराचा बंगला होता, तिकडे लाइन जायची होती, आणि वाटेतला एक खांब नेमका आमच्या दारासमोर आला. कंपनीचा माणूस म्हणाला, ज्यांना कनेक्शन पाहिजे त्यांनी दिवाळीच्या आत घरात वायरिंग करून ठेवा, आम्ही तपासून जोडून देऊ. नंतर गाडी परत या बाजूला कधी येईल, सांगता येत नाही. बा दोन दिवस त्या खांबाकडे बघत राहिला. तिसऱ्या दिवशी मायच्या चुलतभावाला, सीताराममामाला, निरोप गेला. मामा घुग्घुसकडे एका खाणीत इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली हेल्पर होता. आमच्या सगळ्या गोतात विजेच्या तारेला हात लावलेला तो एकटा माणूस.

मामा आला तो खांद्यावर तारेचं वेटोळं घेऊनच. त्यानं आधी सरळ रीतीनं करून पाहिलं. भिंतीत लाकडाचे गुटके ठोकायचे, त्यांवर पट्टी, पट्टीवर तार. पक्क्या भिंतीला हे ठीक. आमच्या भिंतीत गुटका ठोकला की भोवतीची माती भुसभुशीत होऊन ओंजळभर खाली यायची, आणि गुटका बोटानं निघायचा. चार ठिकाणी ठोकून पाहिलं, चार खड्डे पडले. माय चुलीपाशी बसून बघत होती. पाचव्यांदा मामानं हातोडी उचलली तशी ती उठून आली.

"भिंत फोडाची असन तर मले आधी माहेरी पोचवून दे, सीतारामभाऊ. मंग फोडत बस."

मामा म्हणाला, "फोडत नाई वं, बाई. खाणीतल्या सायबाच्या बंगल्यात तार दिसतच नाई. भिंतीत खाच पाडते, नळी टाकते, वरून लिपून टाकते. तुमी लिपान त कोणाले समजनार भी नाई."

शेवटचं वाक्य मायला लागू पडलं. खाच पाडायची, पण लिपायची तिनं. ती कबूल झाली. आता प्रश्न नळीचा. लोखंडी नळी नागपूरहून आणावी लागे आणि आमच्या आवाक्यातली नव्हती. तेव्हा बा बोलला. त्याचं म्हणणं असं, की बांबूसारखी नळी देवानं केली नाही. मासे धरायचे सापळे तो स्वतः बांबूचे विणायचा, हिरवा बांबू चिरून. वाळलेला घेतला तर चिरताना तुटतो, वाकत नाही. हिरवा घ्यायचा, विणायचा आणि पाण्यात सोडायचा. असा सापळा तीन तीन वर्षं टिकायचा. "पान्यात राहून त्याले काय होत नाई," बा म्हणाला, "भिंतीत त काय, झोपून राहीन." त्यानं जंगलाच्या बाजूनं हिरवेगार बांबू आणले, लोखंडी सळई चुलीत लाल करून एकेक पेर आतून जाळत नळी मोकळी केली. दोन दिवस घरात जळक्या बांबूचा गोड वास भरून होता. मामानं मान्य केलं, की खाणीतसुद्धा इतकी सरळ नळी बघितली नाही. बा आयुष्यात ज्या कामात उस्ताद होता ते काम त्या दिवशी विजेच्या उपयोगी पडत होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

आता माझी गोष्ट सांगतो. कनेक्शनच्या अर्जाबरोबर कंपनीनं एक पातळ पुस्तिका दिली होती, नियमांची, इंग्रजीत. घरात ती वाचू शकणारा मी एकटा, मोहल्ल्यातही मीच एकटा. डिक्शनरी घेऊन मी ती अख्खी वाचली. बा सळई तापवता तापवता म्हणाला, "नामदेव, पुस्तकात काय लिवलं हाये?" मी म्हणालो, तार भिंतीतून न्यायची असेल तर नळीतून न्यावी, असं लिहिलंय. ते खरंच होतं. पुढे असंही लिहिलं होतं, की नळी लोखंडाचीच पाहिजे, आणि जी भिंत ओली होते तिच्यातून तार नेऊच नये. ते मी वाचलं होतं. त्यातला एकही शब्द मला अडला नव्हता. पण ते सांगितलं असतं तर काम तिथंच थांबलं असतं, दिवाळी निघून गेली असती, आणि मी चिमणीखाली परत नापास होऊन डोंग्यात बसलो असतो. मी पुस्तिका मिटून फडताळात ठेवली.

खाच पाडली. बाच्या नळ्या बसल्या. बाहेरच्या दारापासून आतल्या खोलीपर्यंत तार गेली, पण मधल्या भिंतीत तारेचे दोन तुकडे जोडावे लागले, आणि जोडावर गुंडाळायची काळी पट्टी मामाकडची संपली होती. बानं जाळं विणायचा, तागासारखा सणाचा दोरा काढला आणि तो जोड असा आवळून गुंडाळला, की मामा म्हणाला, भाऊजी, आता हा जोड तुमच्या मरणानंतरच सुटन. तिघंही हसलो. मग मायनं गाऱ्यानं खाच भरली, वरून शेण-माती, वरून पोतारा. दोन दिवसांनी कुठून नळी गेली हे मलासुद्धा सांगता येईना. माय हात धुता धुता म्हणाली, "पाह्य आता. कोन म्हनन भिंत फोडली म्हून."

तपासायला कंपनीचा माणूस आला त्या दिवशी बा तलावावर होता. मामा खाणीवर परत गेला होता. घरात मी आणि माय. माणूस नागपूरकडचा, इस्त्रीचे कपडे, हातात पेटीसारखं यंत्र. त्यानं बटण तपासलं, यंत्राच्या तारा लावून हँडल फिरवलं, मान हलवली. मग भिंतीवर बोटानं टकटक केलं आणि मला विचारलं, आत नळी कशाची टाकली.

"लोखंडाची, साहेब," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझा सदरा धुतलेला होता, खिशाला पेन होतं. विद्यार्थी का, म्हणून विचारलं. मॅट्रिकला आहे म्हटल्यावर म्हणाला, मग दिवा पाहिजेच. आणि सही केली. माय आतल्या दाराशी पदर तोंडाशी धरून उभी होती. तो गेल्यावर तिनं मला हळूच विचारलं, लोखंड काऊन म्हणला. मी म्हणालो, या लोकांशी तसंच बोलावं लागतं. ती चुलीकडे वळली. शिकलेल्या माणसाला कुठं काय बोलायचं ते कळतं, असा त्या काळी आमच्या घरचा समज होता. त्या समजाचा जेवढा फायदा मी घेतला, तेवढा कोणी घेतला नसेल.

दिवा लागला. सगळा मोहल्ला दारात जमला. म्हातारे आत येऊन बल्बखाली उभे राहिले आणि आपल्या हातांकडे बघत राहिले. बा कोणी न विचारताच सगळ्यांना सांगत होता, की नळी त्यानं केली. सगळ्यात वेगळं वागली ती माय. तिनं वर बघितलं तर आढ्याला काजळीची जाळी लोंबत होती, कोपरे काळे, चुलीमागची भिंत तेलकट. ती एकदम शरमली. एवढं काळं होतं का आपलं घर, असं पुटपुटली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून झाडू बांबूला बांधून आढं झाडायला लागली. त्या दिवसापासून ती घर जास्तच निरखायला लागली. उजेडानं तिचं काम कमी झालं नाही, वाढलं.

माझं मात्र भलं झालं. गणिताची उदाहरणं मी पानंच्या पानं सोडवली. रात्री चांदा फोर्ट स्टेशनाकडून छोट्या लाइनीच्या गाडीची शिट्टी यायची तोवर वाचत बसायचो. डोळ्यांची आग थांबली. गणित सुटायला लागलं, आणि मला वाटायला लागलं, की या खेपेला जमणार.

थंडी सरता सरता मधल्या भिंतीवर एक रेघ दिसली. केसाएवढी, आडवी, सरळ. मायला ती पहिल्यांदा दिसली. तिनं बोट ओलं करून पांढरी माती लावली, रेघ बुजली. आठ दिवसांनी परत आली, जरा रुंद होऊन. तिनं परत बुजवली. बानं बघितलं आणि म्हणाला, लिपलेली खाच नवी आहे, बसून राह्यली असेल. मी बघितलं तेव्हा मला कळलं, की रेघ नळीवरून चालली आहे. का, ते कळलं नाही. आज कळतं. पाण्यात राहणारा बांबू कधी वाळतच नाही. भिंतीतला बांबू वाळतो, आकसतो, तडकतो. बाचा सगळा जन्म ओल्या बांबूशी गेला, वाळणारा बांबू काय करतो हे त्याला कधी बघायला मिळालंच नव्हतं. मला बांबूचं नव्हतं माहीत, पण ओल्या भिंतीबद्दल काय छापलंय ते माहीत होतं, आणि माय रोज त्या भिंतीला ओलं बोट लावत होती. मी रोज बघत होतो. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. परीक्षा झाली की सांगू, असं मी रोज ठरवायचो.

शिमग्याच्या आधी ती पोतारायला बसली. सकाळची वेळ, बा अंगणात जाळं वाळत घालत होता. मी खाटेवर भूमितीचं पुस्तक घेऊन बसलो होतो. त्या दिवशी बल्ब चालू होता, कारण आतल्या खोलीत दिवसाही अंधार असायचा आणि मी वाचत होतो. मायनं जमीन सारवून घेतली होती, ती ओली होती, तिचे पाय उघडे. रेघ आता फट झाली होती. तिनं मातीचा गोळा घेतला आणि दोन बोटांनी फटीत आत दाबला.

तिच्या तोंडून आवाज आला नाही. ती फक्त थांबली. हात भिंतीला, मान मागे, दात आवळलेले, आणि तिचा अख्खा दंड थरथरत होता. मला त्याच क्षणी कळलं. घरात दुसऱ्या कोणाला कळलं नसतं, मला कळलं. मेन स्विच दारापाशी, माझ्यापासून चार पावलांवर. मी उठलो आणि माझा हात स्विचकडे गेला नाही. भीती वाटली, की त्यालाही हात लावला तर मलाही धरेल. मी तसाच उभा राहिलो, पुस्तक हातात. किती वेळ, सांगता येत नाही. दोन श्वास असतील, दहा असतील. बानं अंगणातून बघितलं. त्याला वीज म्हणजे काय, काही माहीत नव्हतं. त्यानं धावत येऊन मायला कमरेला मिठी मारली, त्यालाही झटका बसला, आणि दोघंही मागे सारवणावर कोसळले. तेव्हा कुठे मी स्विच ओढला.

दवाखान्यात मायच्या बोटांना पट्टी बांधली. अंगठ्याजवळची दोन बोटं आतपर्यंत भाजली होती. जीव वाचला, डॉक्टर म्हणाले, नशीब. बोटं मात्र पुढे वाकडीच राहिली, मिटलेली. शिंगाडा धरता येईना, माती थापता येईना. ती शिमग्याची अर्धी पोतारलेली भिंत तशीच राहिली, निम्मी पांढरी, निम्मी मळकी. शेजारची सखूबाई पुरी करून द्यायला आली, तिला मायनं नको म्हटलं.

घरी आल्यावर बानं कुऱ्हाड काढली. भिंत आत्ताच्या आत्ता फोडतो, म्हणाला. मामालाही निरोप धाडून बोलावलं होतं. त्यानं फटीत बघितलं आणि मान खाली घातली. बांबू चिरला होता, त्या जागी बाचा सणाचा दोरा ओलीनं भिजून काळा पडला होता. बा भिंतीपाशी मटकन बसला.

"माह्या बांबूनं केलं हे," तो म्हणाला. "हिरवा घ्याले नव्हता पायजे. माह्यी अक्कल, माह्यीच अक्कल."

माय पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. लोखंड काऊन म्हणला, असं तिनं एकदा विचारलं होतं. त्या घरात तेवढं ऐकलेली ती एकटी होती. मला वाटलं आता बोलेल. मी बोलायला हवं होतं, तोंड उघडलंही होतं.

"भिंत राहू दे सध्या," ती बाला म्हणाली. "लेकराची परीक्षा होऊ दे. मंग तोडा का ठेवा."

"अन् तुले काही झालं असतं त?"

"झालं नाई न."

मामानं मधल्या भिंतीची तार तोडली आणि बाहेरून, दारावरून, एक तार उघडी आणून माझ्या खाटेवर बल्ब टांगून दिला. त्याच बल्बखाली मी उरलेले आठ-दहा दिवस वाचलो. माय डाव्या हातानं भात वाढायची. तो सांडायचा. मी खाली मान घालून खायचो आणि परत पुस्तक उघडायचो. वाचायला जमायचं, हे मला आजही समजत नाही. उदाहरणं सुटायची.

परीक्षा झाल्यावर बानं एकट्यानं भिंत उकरली. नळ्या बाहेर काढल्या, एकेक तपासली, तडा कुठून कुठे गेला ते बोटानं बघितलं. मी शेजारी उभा होतो. बोलायचं म्हणून गेलो होतो. पण तो तडा बघण्यात असा गढला होता, की मी मागे फिरलो. त्यानंतर तो तेवीस-चोवीस वर्षं जगला. कोणी विजेचं नाव काढलं, की न विचारता सांगायचा, की हिरवा बांबू घेऊ नका, माझ्या बायकोची बोटं गेली. लोक हळहळायचे. मी तिथंच बसलेला असायचो. मायनं कधी त्याला खरं सांगितलं नाही. मला एकट्याला गाठून कधी विचारलंही नाही. ती विचारेल याची मी आयुष्यभर वाट बघितली. ती गेली तेव्हाही मी उशाशी होतो, आणि तेव्हाही माझ्याच्यानं झालं नाही.

त्या वर्षी मी मॅट्रिक पास झालो. गणितात चांगले गुण होते. पुढे नागपूरला जाऊन बी.ए. झालो. आमच्या मोहल्ल्यातला पहिला पदवीधर मी.